वसंत देसाई : दुय्यम भूमिकेतून संगीताकडे

बोलपटाच्या आरंभीच्या वर्षांत पडद्यावर गाणारा नट चित्रीकरण चालू असतानाच गात असे, कारण गाणे आधी मुद्रित करून मग त्यावर ओठ हलवण्याची पद्धत, म्हणजे पार्श्वगायन, हिंदी चित्रपटांत १९३५ पासून हळूहळू रुळली. तोवर पेटीवाला आणि तबलजी कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर, पण मायक्रोफोनच्या टप्प्यात बसत, आणि कोणाचा आवाज किती उमटावा हे बरेचसे अंतरावर ठरे. तबला चार हात मागे नेला की गळा पुढे येई. एकाचा सूर ढळला तरी सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे.

अशा कामात गाऊ शकणाऱ्या दुय्यम नटाला मोल होते आणि वसंत देसाई (१९१२–१९७५) तिथेच घडले. कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीत ते आले, 'खुनी खंजर' (१९३०) या मूकपटात दिसले, आणि 'अयोध्येचा राजा' (१९३२) या बोलपटात त्यांनी लहानशी भूमिका केली, गायन केले, शिवाय संगीतकार गोविंदराव टेंबे यांना साहाय्यही केले. हा बोलपट मराठी आणि हिंदीत स्वतंत्रपणे चित्रित झाला होता. पुढे 'अमर ज्योती' (१९३६) मध्ये ते शांता आपटे यांच्यासोबत गायले.

दर्यापूरच्या वाचकाला ही घडण परकी वाटू नये. तुकडोजी महाराजांनी घरोघर पोहोचवलेल्या खंजिरी भजनात गाणारा आणि वाजवणारा एकच असतो, त्यामुळे शब्द, ताल आणि हाताची हालचाल वेगळी शिकावी लागत नाही. देसाईंनाही हे तिन्ही एकत्रच कळले असावे, कारण राजकमल कलामंदिरच्या 'शकुंतला' (१९४३) पासून त्यांनी दिलेल्या संगीतात पात्राच्या हालचालीला जागा असते. 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) या नृत्यप्रधान चित्रपटात ती उघड दिसते. 'श्यामची आई' (१९५३) मधला संयम मात्र अधिक अवघड होता आणि म्हणून अधिक मोलाचा आहे. 'गुड्डी' (१९७१) साठी त्यांनी बांधलेली प्रार्थना तर गायनाचे शिक्षण नसलेल्या मुलांच्या गळ्यालाही पेलते, आणि शाळाशाळांतून ती आजही म्हटली जाते.