अध्यक्षांची खुर्ची

विधानसभा म्हटली की डोळ्यांपुढे मंत्री येतात. नांदेडने शंकरराव चव्हाण आणि लातूरने विलासराव देशमुख असे मुख्यमंत्री दिले, तेव्हा ते साहजिकच आहे. पण सभागृह चालते ते अध्यक्षांच्या खुर्चीवरून. १९७८-७९ मध्ये तीवर लातूरचेच शिवराज पाटील चाकूरकर होते, हे किती जणांच्या ध्यानात आहे? (‘सभापती’ वरच्या सभागृहाचे, ही गफलत पुष्कळदा होते.)

सदस्य २८८, त्यांत नांदेडचे ९, लातूरचे ६. गणपूर्तीला एकदशांश, म्हणजे २९ पुरतात. अध्यक्ष मत देतात ते समसमान मते पडली तरच.

मात्र पक्षांतराच्या तक्रारींचा निवाडा त्यांच्याकडे असतो, आणि ते स्वतः पक्षाच्याच चिन्हावर निवडून आलेले असतात. खरी अडचण इथे आहे. फेब्रुवारी २०२१ ते जुलै २०२२ ही खुर्ची रिकामी होती. उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ काम पाहत होते. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, अपात्रतेच्या नोटिसा निघाल्या, वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने मे २०२३ मध्ये तो पुन्हा अध्यक्षांकडेच सोपविला. निवाडा झाला १० जानेवारी २०२४ रोजी. तोवर दीड वर्ष उलटले होते.