कळपाच्या मध्यभागी

श्रावणातल्या एखाद्या रात्री जबलपूरच्या गोहलपूर मोहल्ल्यातून घरी परतण्याचा प्रसंग आला, तर रस्त्याच्या ऐन मध्यावर पंधरा-वीस गुरे ठाण मांडून बसलेली हमखास दिसतात. कडेची जमीन चिखलाने भरलेली असते, डांबर तेवढे कोरडे आणि किंचित उबदार राहिलेले असते, आणि वाहनांच्या वर्दळीमुळे माश्या-डासांचा उपद्रवही तिथे थोडा कमी होत असावा. म्हणून गुरे रस्त्यावर का बसतात, हा प्रश्न फारसा अवघड नाही. अवघड प्रश्न निराळा आहे. रस्ता लांबच लांब मोकळा पडलेला असताना ती सगळी एकमेकांना खेटून एकाच ठिकाणी का बसतात?

एका रात्री पाऊस उघडण्याची वाट पाहत एका बंद दुकानाच्या पायरीवर मी उभा होतो. एक तांबडी कालवड उशिरा आली. कळपाच्या कडेला बसायला ऐसपैस जागा होती. पण तिकडे ढुंकूनही न पाहता ती दोन थोराड गायींच्या मधल्या फटीत शिरू लागली. एकीने शिंग उगारले, तशी ती मागे हटली. दुसऱ्या बाजूने पुन्हा शिरली आणि पुन्हा हुसकली गेली. तिसऱ्या खेपेस मात्र तिने मान खाली घालून अंग असे काही आत रेटले, की त्या दोघींना नाइलाजाने सरकावे लागले. मग ती बसली, तिने एक दीर्घ सुस्कारा सोडला आणि निवांत रवंथ सुरू केला. तिच्यामुळे कडेला लोटली गेलेली एक म्हातारी गाय थोड्या वेळाने उठली आणि तीही आत शिरण्याची वाट शोधू लागली.

फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज प्रवाशाने 1850 ते 1852 या काळात आफ्रिकेच्या नैर्ऋत्येकडील दमारा लोकांच्या मुलुखात बैलांच्या सोबतीने भ्रमंती केली होती. तिथे त्याने जे पाहिले, ते 1871 साली एका मासिकातल्या लेखात नमूद केले. त्याचे निरीक्षण असे, की तिथल्या बैलाला आपल्या सोबत्यांपैकी कुणाविषयीही म्हणण्यासारखी माया नसते. पण त्यांच्यापासून क्षणभर ताटातूट झाली, की तो व्याकूळ होतो, आणि कळप पुन्हा गाठल्यावर थेट त्याच्या गर्भात घुसून इतरांच्या अंगस्पर्शात जणू न्हाऊन निघतो. गाडीला पुढे जुंपण्याजोगा बैल अशा कळपात विरळा. म्हणून हाकणारे लोक इतरांपासून दूर, एकटा चरणारा बैल हेरून ठेवीत. सिंहांच्या त्या प्रदेशात कळपाबाहेर रेंगाळणारे जनावर फार दिवस टिकत नसे, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या त्या निवडीतून ही वृत्ती मुरली, असा गाल्टनचा तर्क होता. इथवर तो ग्राह्य आहे. याच लेखात त्याने बैलांवरून माणसांविषयी काढलेली अनुमाने मात्र बाजूला ठेवलेली बरी. पुढे सुप्रजननाच्या नावाखाली त्याने जो पंथ काढला, त्याने जगाचे पुष्कळ नुकसान केले.

योगायोग असा, की गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा हिंदुस्थान सरकारने केला तोही 1871 सालीच. ज्याला आपण कोंडवाडा म्हणतो आणि इकडचे लोक कांजीहौस म्हणतात, त्याचा सारा कारभार, पकडणावळीचा दंड आणि खुराकीचा आकार, या कायद्याने बांधून दिला. सरकारदप्तरी कळप म्हणजे डोई मोजून दंड वसूल करण्याची बाब. गाल्टनला तेच एक कोडे वाटले.

ते कोडे बरोबर शंभर वर्षांनी, 1971 साली, विल्यम हॅमिल्टन या शास्त्रज्ञाने गणिताच्या अंगाने सोडवले. वर्तुळाकार तळ्याच्या काठावर बेडूक बसले आहेत. तळ्यातून ठराविक वेळी साप वर येतो आणि ज्या जागी डोके काढील तिथून सर्वांत जवळचा बेडूक गिळतो, अशी त्याची कल्पना. दोन शेजाऱ्यांमधले अंतर जितके मोठे, तितका मधल्या बेडकाच्या वाट्याला धोका अधिक. म्हणून प्रत्येक बेडूक उडी मारून दोघांच्या चिंचोळ्या फटीत जाऊन बसतो. ज्यांच्या मध्ये तो गेला त्यांचाही धोका घटतो, पण ज्यांना सोडून आला त्यांचा वाढतो, मग तेही उड्या मारतात, आणि घटकाभरात काठावर बेडकांचे दोन-चार ढीग तयार होतात. सापाचा एक घास काही चुकत नाही. तो आपण होऊ नये, एवढ्यासाठी सगळी धडपड. त्या तांबड्या कालवडीला वाघ कधी ठाऊक नव्हता, तरी तिचे तीन वेळचे रेटणे या गणितात अगदी चपखल बसते.

पण एवढ्याने कळपाचा सगळा हिशेब चुकता होतो, असे मला वाटत नाही. जबलपूरहून सुमारे 160 किलोमीटरवर कान्हाचे अरण्य आहे. जॉर्ज शॅलर याने 1963 ते 1965 या काळात तिथे राहून हरणांचा आणि वाघाचा अभ्यास केला. तिथल्या माळाच्या कडेला, साल वृक्षाखाली, चितळांचा कळप चरताना दिसला, की वर फांद्यांत वानरे आहेत का ते पाहावे, पुष्कळदा असतात. वानर हा उधळ्या खाणारा; अर्धवट कुरतडलेली पाने, फुले, फळे तो खाली टाकतो आणि चितळे ती वेचून खातात. वरच्याची नजर लांबवर पोचते, खालच्याचे नाक तीक्ष्ण. एकाने इशारा दिला की दुसरा सावध होतो. पॉल न्यूटन या संशोधकाने कान्हातच या सोबतीचा पाठपुरावा केला आणि 1989 साली ती निव्वळ योगायोगाची आहे की परस्परहिताची, याची चिकित्सा केली. इथे कुणी कुणाला रेटत नाही. जातही एक नाही. तरी दोघांचे पोट आणि प्राण यांची सोय एकमेकांमुळे होते.

त्याच माळावरच्या बारशिंग्याची गोष्ट याहून बोलकी आहे. कठीण जमिनीवर वावरणारी ही जात 1970 साली कान्हात अवघी 66 उरली होती. बारशिंगा कळपप्रिय प्राणी. परंतु मादी विण्याच्या सुमारास कळप सोडून उंच गवतात एकटी शिरते आणि पाडस तिथे दडवून ठेवते. वणवे लावून आणि गुरे चारून गवतच खुरटले, तेव्हा पाडसांना लपायला जागा उरली नाही. कळपात कितीही डोळे असले, तरी ते या कामी येणारे नव्हते. पुढे गवत राखले, कुंपणात बंदोबस्ताने पैदास केली, माळावरची गावे उठवली (ज्या गोंड-बैगांची ती उठली, त्यांचा हिशेब कुणी पुरा केला, हे निराळे प्रकरण आहे), आणि आज ती संख्या आठशेच्या पुढे गेली आहे. म्हणजे जन्मजात कळपात राहणारा प्राणीसुद्धा आयुष्यातल्या सर्वांत नाजूक घटकेला कळपाकडे पाठ फिरवतो. कळप हा त्याचा धर्म नसून व्यवहार आहे. फायदा असेतो तो पाळायचा.

असा व्यवहार जिथे मुळीच संभवत नाही, असा समूहही इकडे जबलपूर जिल्ह्यात आहे. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांना आग्यामोहोळे लटकलेली असतात. गांधीलमाशी जवळ घिरट्या घालू लागली, की पोळ्यावरच्या शेकडो माश्या पाठोपाठ पोटाचा भाग वर उचलतात, आणि काळ्या पृष्ठावरून एक लाट लकाकत जाते. तेवढ्याने गांधीलमाशी बहुधा काढता पाय घेते. डंख मारणारी मधमाशी मात्र स्वतः मरते. कॅप्टन फॉर्सिथने, पुन्हा त्याच 1871 साली प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथात, रेल्वेची मोजणी करणाऱ्या दोन इंजिनियरांवर याच घळीत माश्यांनी केलेला हल्ला वर्णिला आहे. दोघांनीही नर्मदेत बुडी मारली. एक कसाबसा वाचला. दुसरा जिथे जिथे डोके वर काढी तिथे तिथे माश्या हजर होत, आणि अखेर तो बुडाला. त्या माश्यांत मधली जागा पटकावू पाहणारी कुणी नव्हती.

गोहलपुरात पाऊस उघडला तेव्हा मध्यरात्र उलटली होती. एक ट्रक आला, त्याने कर्णा वाजवला, गुरे हलली नाहीत. चालकाने गाडी कडेच्या चिखलात घालून वळसा घेतला. ती म्हातारी गाय एव्हाना आत शिरली होती आणि तिच्या जागी, कडेला, एक कबरी गाय आली होती. पहाटे तिथून पुन्हा गेलो, तर रस्ता रिकामा होता. शेणाचे पो तेवढे दाटीवाटीने पडले होते. तांबडी कालवड पुढच्या गल्लीत एका दाराशी एकटीच उभी होती, आणि आतून पोळी येईपर्यंत जवळ येऊ पाहणाऱ्या दुसऱ्या गायीला मान झटकून दूर ठेवत होती.