शिफारस झाली, शपथ झाली नाही

रेवसच्या धक्क्यावर उभे राहिले की खाडीपलीकडे करंजा दिसते. ही दोन टोके जोडणाऱ्या पुलाची कल्पना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असतानाची, १९८०च्या सुमाराची. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचा तो भाग. प्रत्यक्ष कामाला हात लागायला चार दशके लोटली. तोवर माणसे लाँचनेच पलीकडे जात राहिली. ‘ठरले’ आणि ‘झाले’ यांतले अंतर रेवसकराला वेगळे समजवावे लागत नाही.

विश्वकोशात चरित्रनोंद लिहिणाऱ्याने मात्र ते दरवेळी तपासायलाच हवे.

ज्येष्ठ वकील सौरभ कृपाल यांचेच उदाहरण घ्या. ते माजी सरन्यायाधीश भूपिंदरनाथ कृपाल यांचे चिरंजीव. समलैंगिक संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढणाऱ्या २०१८च्या नवतेज सिंग जोहर खटल्यात त्यांनी याचिकाकर्त्यांच्या बाजूने काम केले. दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायवृंदाने (नेमणुकांची शिफारस करणाऱ्या ज्येष्ठ न्यायाधीशांच्या मंडळाने, म्हणजे कॉलेजियमने) १३ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यायाधीशपदासाठी त्यांचे नाव सुचवले. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदाने त्यावर शिक्कामोर्तब केले ते ११ नोव्हेंबर २०२१ रोजी. केंद्राने नाव परत पाठवले. १८ जानेवारी २०२३ रोजी न्यायवृंदाने तीच शिफारस पुन्हा केली. नेमणूक मात्र झाली नाही.

त्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयासाठी सोमशेखर सुंदरेसन यांचे नावही दुसऱ्यांदा गेले. त्यांनी समाजमाध्यमांवर मांडलेल्या मतांवर केंद्राचा आक्षेप होता. मत मांडले म्हणून कुणी पदाला अपात्र ठरत नाही, असे न्यायवृंदाने उत्तर दिले. नोव्हेंबर २०२३मध्ये त्यांची नेमणूक झाली आणि ते न्यायमूर्ती झाले.

दोघांच्याही नोंदींत ‘शिफारस’ हा शब्द येणार. पण पुढची पायरी एकाच्याच नोंदीत येईल, कारण राज्यघटनेच्या २१७व्या अनुच्छेदानुसार उच्च न्यायालयाचा न्यायाधीश राष्ट्रपती नेमतात. न्यायवृंदाने दुसऱ्यांदा पाठवलेले नाव सरकारवर बंधनकारक असते, हे १९९३च्या निकालापासूनचे सूत्र. एप्रिल २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा नेमणुकीसाठी तीन ते चार आठवड्यांची मुदतही सुचवली. तरी फाईल थांबली तर ती आपोआप मंजूर होत नाही.

आता संपादकाच्या टेबलावरचे वाक्य पाहू. कच्च्या नोंदीत असे काही सापडते: ‘ते न्यायाधीशपदाचे अयशस्वी उमेदवार होते.’ यात दोन शब्द चुकीचे आहेत. इथे निवडणूक नाही, अर्ज भरून कुणी उभे राहत नाही. म्हणून ‘उमेदवार’ नको. ‘अयशस्वी’ हा तर शेरा झाला. निर्णय दुसऱ्यांच्या हाती होता. दुरुस्त वाक्य असे होईल: ‘सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदाने त्यांच्या नावाची शिफारस २०२१मध्ये केली व २०२३मध्ये पुन्हा केली, नेमणूक झालेली नाही.’ शिफारस कुणी केली, आक्षेप कुणी घेतला, त्याला काय उत्तर मिळाले, हे तारखांसह लिहावे. ऑक्टोबर २०१७पासून न्यायवृंदाचे ठराव सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होऊ लागले, त्यामुळे मूळ कागद पाहणे आता सोपे आहे.

आणखी एक पथ्य आहे. अशी नोंद नकाराच्या कहाणीनेच भरून जाते आणि माणसाची वकिली, त्याचे लेखन कोपऱ्यात ढकलले जाते. जिवंत व्यक्तीच्या बाबतीत हा तोल फार महत्त्वाचा. २००५मध्ये अमेरिकेतील पत्रकार जॉन सीगेंथालर यांच्या विकिपीडियावरील चरित्रात कुणीतरी केनेडी बंधूंच्या हत्येशी त्यांचा संबंध जोडला होता; तो खोटा मजकूर काही महिने तसाच राहिला. त्या प्रकरणानंतर जिवंत व्यक्तींच्या चरित्रांसाठी तिथे कडक नियम आले: वादग्रस्त विधानाला भक्कम आधार नसेल, तर ते लगेच काढायचे.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तिथे दुरुस्ती करायला पदवी लागत नाही आणि प्रत्येक बदल पानाच्या इतिहासात राहतो. रेवसच्या धक्क्यावर लाँचची वाट पाहतानाही हे काम मोबाइलवर करता येते. वाचकहो, सुट्टीत एखाद्या वकिलाचे किंवा न्यायमूर्तींचे चरित्र उघडलेत तर ‘शिफारस’ आणि ‘नेमणूक’ यांच्या तारखा वेगळ्या दिल्या आहेत का, एवढे पाहा. नसतील, तर मूळ ठराव शोधा आणि त्या भरा.