यजमानांची वही आणि संकेतस्थळ

काशीला पंचगंगा घाटावरून उत्तरेकडे चालू लागले, की आधी दुर्गा घाट लागतो आणि त्याला लागूनच ब्रह्मा घाट. पायऱ्या चढून वरच्या गल्ल्यांत शिरले, की आपण वाराणसीत आहोत की वाईला, असा क्षणभर संभ्रम पडतो. दारांवरच्या पाट्यांत ओळखीची आडनावे दिसतात; एखाद्या माडीवरून मराठीत मारलेली हाक ऐकू येते. महाराष्ट्राचा आणि काशीचा हा ऋणानुबंध फार जुना आहे. एकनाथांनी आपली भागवतावरील टीका १५७३ साली काशीतच पूर्ण केली, आणि शिवछत्रपतींना १६७४ साली राज्याभिषेक करणारे गागाभट्ट हे पैठणहून काशीस जाऊन राहिलेल्या भट्ट घराण्यातले. ह्या वस्तीतील काही घराणी पिढ्यान् पिढ्या तीर्थोपाध्येपण करीत आली आहेत. तो धर्म आहे, तसाच तो व्यवसायही आहे. घर चालावयाचे तर यजमान यावे लागतात, आणि यजमान यावयाचे तर त्यांना घर सापडावे लागते.

हे सापडणे आजकाल कसे घडते, किंवा घडत नाही, ह्याविषयी मला बोलावयाचे आहे. लहान व्यावसायिकाने इंटरनेटवर आपले संकेतस्थळ कसे बांधावे, आणि बांधलेले मोडून पुन्हा कसे उभारावे, हा त्याचा रोकडा भाग. माझ्या नोकरीत संकेतस्थळांच्या निविदा आणि अहवाल वाचण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे आहे. त्या कागदांतून जे मला नीट उमगले नव्हते, ते गेल्या पितृपक्षात ब्रह्मा घाटावरच्या एका घरात उमगले.

वडिलांच्या श्राद्धासाठी मी तेथे गेलो होतो. घरातील गुरुजी सत्तरी ओलांडलेले. मी बसतो न बसतो तोच त्यांनी विचारले, "मूळ गाव कोणते? आडनाव? आणि ह्यापूर्वी घरातले कोण येऊन गेले?" एवढ्या तीन उत्तरांवर त्यांनी कपाटातून एक लांबट वही काढली, दोनचार पाने उलटली आणि माझ्या पणजोबांची नोंद माझ्यापुढे ठेवली. नोंद मोडीत होती. मी मराठीचा एम. ए. असूनही मला ती धड वाचता आली नाही. ती गुरुजींनीच वाचून दाखविली.

ही वही मला पुढे फार उपयोगी पडली. तिची रचना पाहा. ती गावावरून लावलेली आहे, कारण येणारा यात्रेकरू स्वतःचे गाव सांगत येतो. उपाध्यायांच्या घराण्याचा इतिहास, त्यांची विद्वत्ता, त्यांच्या पूर्वजांना मिळालेल्या सनदा ह्यांतले काहीही पहिल्या पानावर नाही. येणाऱ्याजवळ जी खूण असते, तिच्यावरून त्याला हवे ते सापडावे, एवढाच हिशेब वही लावणाऱ्याने केला होता.

त्याच घराचे संकेतस्थळ मात्र अगदी उलट बेताचे होते. काही वर्षांपूर्वी एका गृहस्थाने ते करून दिले होते. उघडले की आपोआप सनई वाजू लागे, आरतीचे दिवे पडद्यावर हलत, मग घराण्याची महती सांगणारा लांबलचक मजकूर. दूरध्वनी क्रमांक होता, पण तो एका चित्रात रंगविलेला. त्यावर बोट ठेवून फोन लावण्याची सोय नाही. मराठी मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टात होता. त्या पद्धतीत संगणकाच्या लेखी अक्षरे रोमनच असतात. त्यांवर देवनागरीचे केवळ सोंग चढविलेले असते. ज्याच्या यंत्रात तो फॉन्ट नाही त्याला निरर्थक रोमन अक्षरांची रास दिसते, आणि गूगलसारख्या शोधयंत्रालाही तीच रास दिसते. म्हणजे कोणी "ब्रह्मा घाट मराठी उपाध्ये" असे कितीही वेळा शोधले, तरी हे घर सापडण्याचा संभवच नव्हता. युनिकोड ह्या सर्वमान्य लिपिसंकेताची पहिली आवृत्ती १९९१ सालची. तरी असा मजकूर अजूनही पुष्कळ ठिकाणी पडून आहे.

पण खरा घाव निराळाच होता. संकेतस्थळ म्हणजे तीन वेगवेगळ्या वस्तू असतात, हे लहान दुकानदाराला सहसा कोणी सांगत नाही. एक त्याचे नाव, ज्याला डोमेन म्हणतात. दुसरी जागा, म्हणजे ज्या सर्व्हरवर पाने ठेवलेली असतात ती. आणि तिसरी प्रत्यक्ष पाने. पाने केव्हाही नवी करता येतात, जागा बदलता येते. नाव मात्र विकत मिळत नाही, ते मुदतीने नोंदविले जाते. एका वेळी फार तर दहा वर्षांसाठी. मुदत संपली आणि पैसे भरले नाहीत, तर काही काळाने ते कोणालाही घेता येते. ह्या घराचे नाव त्या गृहस्थाने स्वतःच्या नावावर नोंदविले होते. पुढे तो गाव सोडून गेला, नूतनीकरणाची सूचना त्याच्याकडे गेली असणार, आणि नाव सुटले. आमच्या भेटीच्या वेळी त्या पत्त्यावर कोणा परक्याच्या जाहिराती दिसत होत्या. पत्रिकांवर, पावत्यांवर, यजमानांच्या डायऱ्यांत तोच पत्ता लिहिलेला. वही परक्याच्या घरी ठेवावी आणि ती त्याने रद्दीत घालावी, तसा हा प्रकार.

गुरुजींचा नातू बावीस-तेवीस वर्षांचा. संगणक शिकलेला, आणि शेजारच्या एकदोन साड्यांच्या दुकानांची व एका अतिथिगृहाची संकेतस्थळे त्याने केलेली. घरचे नवे स्थळ तोच करीत होता. त्याने मला आराखडा दाखविला. दिसावयास तो देखणा होता. वर घाटाची बारा छायाचित्रे. मी विचारले, "प्रत्येक चित्र किती वजनाचे?" तो म्हणाला, "काका, मोबाइलवर काढलेत, चार-चार मेगाबाइट असतील." मग आम्ही पाटीवर हिशेब मांडला. बारा चोक अठ्ठेचाळीस मेगाबाइट, म्हणजे तीनशे चौऱ्याऐंशी मेगाबिट. यात्रेकरूच्या गाडीतल्या मोबाइलला सेकंदाला दोन मेगाबिट मिळत असतील, तर पान पुरते उघडण्यास तीन मिनिटांहून अधिक वेळ. तेवढ्यात तो दुसऱ्या कोणाकडे फोन लावून मोकळा होईल. तीच चित्रे लहान करून शेदीडशे किलोबाइटांवर आणता येतात, आणि मोबाइलच्या पडद्यावर फरक डोळ्यांना कळतही नाही. बारांची तीन केली, तर आणखी उत्तम.

चित्रांपेक्षा मजकुराचा प्रश्न अवघड. पहिल्या पानावर काय असावे? मी नातवाला म्हटले, गेल्या महिन्यात आलेले फोन आठव. लोकांनी काय विचारले? तो भराभर सांगू लागला. गाडी दारापर्यंत येते का? येत नाही, मैदागिनला उतरून पुढे गल्ल्यांतून यावे लागते. आईला गुडघ्यांचा त्रास आहे, पायऱ्या किती? राहण्याची आणि मराठी जेवणाची सोय होईल का? अस्थिविसर्जनास किती वेळ लागतो, आणि दक्षिणा किती? हा शेवटचा प्रश्न विचारावयास लोक संकोचतात, असे तो म्हणाला. संकोचतात म्हणूनच त्याचे उत्तर आधी लिहून ठेवावयास हवे, असे माझे मत पडले. गुरुजींना ते पटेना. दक्षिणा का भाजी आहे, भाव लावावयास? बराच वेळ वाद झाला. शेवटी सामग्रीचा, नावेचा आणि भोजनाचा खर्च स्पष्ट लिहावा आणि दक्षिणा यथाशक्ति म्हणावी, ह्यावर तडजोड झाली. व्यवसायाचे संकेतस्थळ बांधणाऱ्याचे अर्धे काम हे असले असते. रंग आणि आकार त्यामानाने लवकर ठरतात.

भाषेचाही एक नाजूक मुद्दा निघाला. काशीत मिळणारे बहुतेक फॉन्ट हिंदीच्या वळणाचे. त्यांतला 'ल' आणि 'श' मराठी डोळ्याला परका वाटतो. काही युनिकोड फॉन्टांत दोन्ही वळणे असतात. पानाची भाषा मराठी आहे, एवढे पानाच्या अंतर्भागात एका शब्दाने नोंदविले, की तो फॉन्ट आपोआप मराठी वळण घेतो. आंधळ्या माणसासाठी पान वाचून दाखविणारे यंत्रही ह्याच शब्दावरून मराठी उच्चार निवडते. एका शब्दाचे काम. पण ते न केलेली शेकडो पाने मी पाहिली आहेत. नावही आता देवनागरीत नोंदविता येते. त्यासाठीची 'भारत' ही मालिका २०१४ साली सुरू झाली. आम्ही मात्र मुख्य पत्ता रोमनच ठेवला, कारण फोनवर तो सांगणे आणि लिहून घेणे अजून तरी सोपे जाते.

जुने मोडून नवे बांधताना होणारी सर्वांत मोठी चूक नातवाने साड्यांच्या एका दुकानाच्या बाबतीत करून पाहिली होती, आणि ती त्याने मोकळेपणाने कबूल केली. दुकानाची जुनी पाने त्याने काढून टाकली आणि नवी पाने नव्या पत्त्यांवर ठेवली. जुन्या पत्त्यांवर कोणी आले, तर 'पान सापडत नाही' एवढाच निरोप. महिनाभरात दुकानाकडे येणाऱ्या चौकश्या आटल्या. दुकान हलविणारा व्यापारी जुन्या दारावर पाटी लावून जातो, की आम्ही पुढच्या गल्लीत आहोत. इंटरनेटवरही तशी पाटी लावता येते. तिचा सांकेतिक क्रमांक ३०१, आणि अर्थ 'कायमचे स्थलांतर'. ती लावली, की वाचक आणि शोधयंत्र दोघेही मुकाट्याने नव्या पानावर पोचतात. जागतिक जाळ्याचे जनक टिम बर्नर्स-ली ह्यांनी पत्ते बदलू नयेत म्हणून १९९८ सालीच एक टिपण लिहिले होते. ब्रह्मा घाटावरच्या घराला मात्र ही सोय उरली नव्हती. जुने दारच परक्याचे झाल्यावर पाटी लावावयाची कोठे? नवे नाव घ्यावे लागले. ते गुरुजींच्या नावे, घरच्या ईमेल पत्त्यावर, पाच वर्षांसाठी नोंदविले. नूतनीकरणाची तारीख गुरुजींनी आपल्या पंचांगाच्या मागच्या पानावर शाईने लिहून ठेवली. मला वाटते, ह्याहून खात्रीची व्यवस्था नाही.

एका गोष्टीवर आजोबा-नातवाचे बिनसले. नातवाचा बेत होता, की वहीची सर्व पाने छायाचित्रित करून संकेतस्थळावर ठेवावीत. अमेरिकेत बसलेल्या माणसालाही आपले आडनाव घालून पणजोबा सापडतील. कल्पना मोहक होती. माझ्या पणजोबांची नोंद पाहून मला जे वाटले होते, ते आठवून मी तिच्या बाजूने बोलूही लागलो. गुरुजी म्हणाले, "ह्या वहीत कोणाचे दुसरे लग्न आहे, कोणाचे दत्तक आहे, भावाभावांतली वाटणी आहे. यजमानांनी हे माझ्या आजोबांना सांगितले, गल्लीला नव्हे." मी गप्प झालो. २०२३ सालच्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या फायली मी स्वतः हाताळल्या आहेत. संमतीविषयीचे एवढे सुबोध भाष्य मला त्यांत आढळले नव्हते. वहीची छायाचित्रे घेतली गेली, पण ती वाळवीच्या आणि पुराच्या भयाने, घरातच ठेवण्यासाठी. संकेतस्थळावर फक्त एक ओळ आली: मूळ गाव आणि आडनाव कळविल्यास घरातील व्यक्तीस नोंद पाहून सांगू.

पुराचे भय काल्पनिक नव्हे. वाराणसीस गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. १९७८ साली पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. पाणी वाढले, की एका घाटावरून दुसऱ्या घाटावर जाण्याची वाट बुडते, नावा बंद होतात. आणि पितृपक्ष नेमका पावसाळ्याच्या शेवटी येतो. म्हणून नव्या पानाच्या माथ्यावर आम्ही एक रिकामी ओळ राखून ठेवली, आणि ती गुरुजींना स्वतःच्या मोबाइलवरून बदलता यावी अशी व्यवस्था नातवाकडून करविली. कारागिराला बोलावल्याशिवाय एक शब्दही हलत नाही, असली संकेतस्थळे वर्षभरात शिळी होतात.

मी निघालो त्या सकाळी गुरुजी स्नान करून आले, ओल्या पंचानेच ओसरीवर बसले आणि चष्मा लावून मोबाइलवर एकेक अक्षर शोधीत त्यांनी ती ओळ लिहिली: "पाणी उतरले आहे. खालच्या पायऱ्यांवर गाळ आहे. वृद्धांनी हात धरून उतरावे."