तळीतले मासे कोणी पळवले?

समजा, तुमचं घर मसुऱ्याला किंवा देवबागला, खाडीला अगदी लागून आहे. परसात छोटी तळी आहे आणि बाबांनी तिच्यात हौसेने मासे सोडलेत. एके दिवशी सकाळीच आजीचा आवाज येतो, “अरे, मासे खंय गेले?” काठावर नुसते खवले आणि माशाचं एक अर्धवट खाल्लेलं डोकं!

लगेच शेजारच्या बोक्यावर आळ घेऊ नका हं. आधी चिखलातले ठसे बघा. मांजराच्या ठशात चारच बोटं उमटतात. इथे पाच आहेत? आणि बोटांच्या मधे पातळ पडद्याची पुसट खूणही दिसतेय? मग हे काम पाणमांजराचं!

पाणमांजर, म्हणजेच ऊद, सिंधुदुर्गातल्या नद्या-खाड्यांत आणि तिलारीच्या खोऱ्यात राहतं. भारतात पाणमांजरांच्या तीन जाती आहेत. आपल्या खाडीकाठचं असतं ते मऊ, गुळगुळीत केसांचं, सात ते अकरा किलो वजनाचं. पाण्यात बुडी मारली की त्याच्या नाकपुड्या आणि कान आपोआप मिटतात. गढूळ पाण्यात डोळ्यांना काही दिसलं नाही तरी बिघडत नाही, कारण जवळून मासा सळसळत गेला की मिशांना लगेच कळतं. शेपूट चपटी, पाण्यात वळायला एकदम सोयीची. आई, बाबा, मोठी भावंडं आणि पिल्लं असं अख्खं कुटुंब मिळून शिकारीला निघतं. कधी कधी तर सगळे रांग धरून मासे पुढे हाकलत नेतात. बांगलादेशातल्या काही कोळ्यांनी हे हेरलं आणि पाळीव पाणमांजरांकडून मासे जाळ्यात हाकलून घेण्याची रीतच पाडली!

कांदळवनाजवळच्या एखाद्या खडकावर कधी काळपट विष्ठा दिसली तर लांबूनच निरखा. तिच्यात माशांचे खवले आणि काटे चमकत असतात. वास मात्र असा की नाक दाबून धरावं लागतं. पण हा खडक म्हणजे पाणमांजरांचा सूचना-फलक! इथून कोण गेलं, ही हद्द कोणाची, हे बाकीची पाणमांजरं त्या वासावरून ओळखतात.

आता मूळ प्रश्न. आपल्या तळीतले मासे वाचवायचे कसे?

सिंगापूर शहरात हीच पाणमांजरं राहतात. तिथल्या नद्या साफ झाल्या आणि 1990 नंतर ती परत आली. मग बंगल्यांच्या तळ्यांतले महागडे कोई मासे त्यांनी फस्त करायला सुरुवात केली. लोक चिडले, साहजिकच आहे. पण उपाय सापडला: तळ्यावर जाळी, कुंपणाच्या गजांमधल्या फटी अगदी लहान आणि फाटकाखालची मोकळी जागा बंद. आपल्याकडेही हेच करता येईल. फक्त कुंपणाचा खालचा भाग जमिनीत पुरायला विसरू नका, कारण पाणमांजराला माती छान उकरता येते. असाच तोडगा अमेरिकेतही निघाला. तिथे बीव्हर नावाचा प्राणी दातांनी झाडं पाडतो आणि ओढ्यावर बांध घालतो, त्यामुळे लोकांच्या अंगणात पाणी शिरतं. म्हणून लोक बुंध्यांना तारेची जाळी गुंडाळतात आणि बांधातून पाइप घालून पाण्याला वाट करून देतात. बीव्हर राहतो, अंगणही कोरडं राहतं.

खाडीत जाळं लावणाऱ्यांचं नुकसान मात्र खरंच मोठं असतं. पाणमांजराने जाळं फाडलं की दिवसाची कमाई गेली, वर दुरुस्तीचा खर्च. त्यांचा राग समजून घ्यायला हवा. पण म्हणून विष घालणं किंवा फासे लावणं हा उपाय नव्हे, तो कायद्याने गुन्हा आहे. कातडीसाठी आणि पाळण्यासाठी या प्राण्यांची इतकी चोरटी विक्री झाली की 2019 साली जगातल्या देशांनी मिळून त्यांच्या व्यापारावर बंदी घातली. जिथे मासे-कुर्ल्या भरपूर आणि लपायला कांदळवन आहे, तिथेच पाणमांजर टिकतं. ते दिसलं तर आपल्या खाडीत अजून जीव आहे, असं मला वाटतं.

मे महिन्यातला शेवटचा बुधवार हा जागतिक पाणमांजर दिन. मेच्या सुट्टीत मोठ्या माणसांना बरोबर घेऊन ओहोटीला खाडीकाठी जा आणि पाच बोटांचे ठसे शोधा. पिल्लू एकटं दिसलं तर उचलू नका, त्याची आई जवळपासच असते. आणि एखादं जखमी पाणमांजर किंवा जाळ्यात अडकलेलं दिसलं तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर लगेच फोन करा.