हृदयांतील जाळी आणि तिच्यावरील औषध

औषधाची योजना मात्रा व काल यांवर अवलंबून असते, असें चरकानें सांगितलें आहे. अलीकडच्या वैद्यकानें त्यांच्या जोडीला आणखी एका गोष्टीवर भर दिला आहे. ती म्हणजे स्थान. पोटांत घेतलेली गोळी रक्ताबरोबर सर्व शरीरभर फिरते. रोग मात्र पुष्कळदां एकाच जागीं असतो. औषध नेमकें त्या जागींच ठेवतां आलें, तर थोडक्या मात्रेंत काम होऊन इतर अवयवांचा त्रास वांचतो. आज कित्येक घरांतील वडील मंडळींच्या हृदयांत बसविलेला स्टेंट हें याचें उत्तम उदाहरण होय.

हृदयास रक्त पुरविणारी धमनी अरुंद झाली म्हणजे छातींत कळ येते. झुरिच येथें १६ सप्टेंबर १९७७ रोजीं आंद्रेआस ग्रुंट्झिग या डॉक्टरानें बारीक नळीच्या टोकाशीं असलेला फुगा आंत नेऊन फुगविला व अशी धमनी रुंद केली. छाती न उघडतां हें साधलें. परंतु पुढें शेंकडा ३० ते ४० रोग्यांची धमनी कांहीं महिन्यांतच पुन्हां अरुंद होई. म्हणून १९८६ सालीं धातूची जाळीदार नळी आंत बसवून धमनीस आधार देण्यास प्रारंभ झाला. तरीही अडचण पुरती सुटली नाहीं. दुखावलेली भिंत भरून येतांना तेथील पेशी प्रमाणाबाहेर वाढत व जाळीच्या छिद्रांतून आंत शिरत.

यावरील उपाय अनपेक्षित ठिकाणीं सांपडला. पॅसिफिक महासागरांतील ईस्टर बेटास तेथील लोक रापा नुई म्हणतात. तेथील माती १९६४ सालीं कॅनडाहून गेलेल्या शास्त्रज्ञांनीं आणली होती. तींतील एका सूक्ष्म जंतूपासून सुरेंद्रनाथ सेहगल व त्यांचे सहकारी यांनीं मॉन्ट्रिऑल येथें एक द्रव्य वेगळें काढलें. बेटाच्या नांवावरून त्यास रॅपामायसिन म्हणूं लागले. पेशींची वाढ थोपविणें हा त्याचा गुण. हें द्रव्य लेपलेली जाळी १९९९ सालीं ब्राझीलमधील साओ पाउलो येथें प्रथमच माणसाच्या हृदयांत बसविण्यांत आली.

मूत्रपिंड बदललेल्या रोग्यास हेंच औषध सामान्यतः रोज २ मिलिग्रॅम पोटांत घ्यावें लागतें. त्या पहिल्या जातीच्या मध्यम लांबीच्या जाळीवर मात्र तें एका मिलिग्रॅमच्या पंचमांशाहूनही कमी असे, व त्यांतील बहुतेक भाग महिन्याभरांत भोंवतालच्या भिंतींत झिरपे. एवढ्याशा मात्रेनें धमनी पुन्हां अरुंद होण्याचें प्रमाण पुष्कळच खालीं आलें.

येथें एक गोष्ट घरांतील प्रत्येकानें ध्यानांत ठेवावी. जें औषध नको असलेली वाढ थोपवितें, तेंच धातूवर धरणारें नाजूक अस्तरही उशिरां येऊं देतें. तें येईपर्यंत उघड्या धातूवर रक्त गोठण्याचें भय असतें. आणि अशी गुठळी म्हणजे बहुधा हृदयविकाराचा झटकाच. नव्या जाळ्यांत हें भय कमी झालें आहे, नाहींसें झालेलें नाहीं. म्हणूनच ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल यांसारख्या दोन गोळ्या सामान्यतः सहा महिने, आणि झटका येऊन गेला असल्यास बहुधा वर्षभर देतात. पुढेंही त्यांतील एक बहुतकरून चालूच राहते. ‘आतां बरें वाटतें’, ‘आज एकादशी आहे’, ‘उद्यां दाढ काढावयाची आहे’ अशा कारणांनीं त्या आपल्या मतानें बंद करूं नयेत. दंतवैद्यास स्टेंट बसविल्याचें आधीं सांगावें. कोठें रक्तस्राव दिसला किंवा शौचास काळें झालें, तर डॉक्टरांस तत्काळ कळवावें. जाळीवरील औषध आपलें काम आपण करितें. गोळी मात्र वेळेवर हातावर ठेवावी लागते, आणि तें काम घरच्या माणसांचें आहे.