हवा मोजली, कष्टकऱ्याचा श्वास कोण मोजणार?

हवा सर्वांना सारखीच, असे आपल्याला सांगितले जाते. विज्ञान वेगळेच सांगते. अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांचा २००३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आम्ही वकिलाच्या नजरेने वाचला. निरोगी माणसांना त्यांनी कार्बनचे अतिसूक्ष्म कण असलेली हवा दिली. एकदा स्वस्थ बसवून, एकदा व्यायाम करायला लावून. श्वासातून आत गेलेले कण मोजले, उच्छ्वासातून बाहेर आलेले मोजले. मधला फरक शरीरात राहिला. बसलेल्या माणसात शंभरातले ६६ कण राहिले, श्रम करणाऱ्यात ८३. शिवाय श्रमात श्वास वाढतो. एकूण हिशेब निघाला साडेचार पटींचा. हवा तीच, वाटा मात्र साडेचार पट!

हे कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान. डिझेलच्या धुरातून, जळत्या कचऱ्यातून ते निघतात आणि फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत जाऊन चिकटतात.

आता आपला कायदा पाहा. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे मोजतात ते वजन. पण अडीच मायक्रॉनच्या एका कणाच्या वजनात ०.१ मायक्रॉनचे १५,६२५ कण मावतात. तराजूला मोठा कण दिसतो, ही गर्दी दिसत नाही. आणि खांबावरच्या यंत्राला झाडू मारावा लागत नाही, त्याला धाप लागत नाही.

धाप कोणाला लागते? पहाटे रस्ता झाडणाऱ्या, कचऱ्याची गाडी भरणाऱ्या सफाई कामगाराला. तो बहुतांशी आमच्याच वस्तीतला. जातीने हे काम त्याच्या माथी मारले. कामाने हा धूर त्याच्या छातीत भरला.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सुभाषकुमार खटल्यात प्रदूषणमुक्त हवा कलम २१ मध्ये धरली, १९९५ साली अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात कामगाराचे आरोग्यही त्यात धरले. पण भरपाई मागायला गेले की विचारतात, पुरावा काय? नोंदच नसेल तर हक्क मुका राहतो.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. त्यांचा वारसा सांगणाऱ्या कामगार संघटनांनी एवढे तरी मागावे: मोजमाप कामगाराच्या श्वासाच्या उंचीवर, काम चालू असताना व्हावे, कणांची संख्याही मोजावी, फुप्फुसतपासणीचा कागद कामगाराच्या हाती द्यावा. आधी नोंद मिळवू, मग न्याय मागू.

जय भीम!